पेजेवर घातलेला आळ

आई, आज सूनबाईनं मला झापलं. भाताची पेज मी मोरीत ओतली, एवढंच निमित्त. "अहो बाबा, टाकलीत? ती झाडांना घालायची असते!" असं म्हणून तिनं रिकाम्या पातेल्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला वाटलं, घरात कुणीतरी गेलं. तिला फोनवर एक बाई शिकवते. त्या बाईचं ऐकून आमच्याकडे ओल्या कचऱ्याची बादली, सुक्याची बादली आणि ज्याचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही अशा कचऱ्याची तिसरी बादली आली आहे. भाजीला कापडी पिशवी जाते. भांडी घासायला नारळाची शेंडी येते, ती पाकिटातून येते, आणि पाकीट प्लास्टिकचं असतं. यावर मी हसलो तर ती म्हणाली, "हसू नका, हळूहळू होईल. छोट्या छोट्या गोष्टींपासूनच सुरुवात करायची असते." मी मान डोलावली. ज्यानं तुझ्या हाताखाली वीस वर्षं काढली त्याला हे धडे पहिलीपासून गिरवावे लागताहेत, हे तिला कसं सांगू?

घोडपदेवच्या आपल्या त्या खोलीतून कचरा म्हणून बाहेर काय जायचं, ते मला खरंच आठवत नाही. मासे धुतलेलं पाणी गॅलरीतल्या डब्यातल्या मिरचीला. शेगडीची राख भांड्यांना. लुगडं फाटलं की त्याची गोधडी, गोधडी विरली की पायपुसणं, आणि पायपुसण्याच्या चिंध्या उरल्या की त्या रॉकेलात बुडवून शेगडी पेटवायला. बाबा गिरणीतून येऊन भिंतीला टेकत आणि म्हणत, "मी हय वायच जास्त येळ गप बसलंय, तर ही माजापण पायपुसणां करतली." तू त्यांच्याकडे बघतही नसायचीस, पण ओठांच्या कोपऱ्यात हसायचीस. मी कोपऱ्यात पुस्तक घेऊन. शाळा सुटून चार वर्षं झाली तरी शाळेतल्या कविता माझ्या डोक्यातून सुटल्या नव्हत्या. नळावर रांगेत उभा राहून मंदाक्रांता मोजायचो. पहिल्या चार गुरूंपाशी कळशी नळाखाली लागायची, आणि ओळ संपेस्तोवर पाणी लोकांच्या पायांवरून वाहत असायचं.

त्या दिवसांत तुझ्या पेजेला दोन वाटा होत्या. पातळ पेज कपड्यांना द्यायची, म्हणजे बाबांचं धोतर आणि माझा एकुलता एक पांढरा शर्ट ताठ राहावा. उरलेली शिळी पेज कणीक घालून, आटवून तू तिची खळ करायचीस, ती चळवळीतल्या पोरांची पोस्टरं चिकटवायला. झुरळांनी कागद खाऊ नये म्हणून तीत चिमूटभर निळा मोरचूद. परळपासून कॉटन ग्रीनपर्यंतच्या भिंतींवर संयुक्त महाराष्ट्र उभा होता तो तुझ्या खळीवर, असं पोरं म्हणायची. तुला ते फार आवडायचं. वरवर म्हणायचीस, "चल, कायतरीच बोलतंस."

तो ऑक्टोबरचा उकाडा मला अजून अंगावर जाणवतो. दुसऱ्या दिवशी दादरच्या एका मोठ्या शाळेत माझी मुलाखत आहे. तू चाळीतल्या बायकांबरोबर मोर्च्याला निघाली आहेस, पदर खोचलेला, हातात झेंडा. दारात वळून सांगतेस, "शेगडीकडचो डबो शर्टाक, दाराकडचो पोरांक. आयकलंस मां रे? नायतर खंय ढगात आसशी." मी "ऐकलं" म्हणालो. ऐकलंही होतं. पण दुसऱ्या दिवशी वर्गासमोर कविता कशी म्हणायची याची मनात तालीम चालली होती. एवढ्यात चळवळीतला एकजण दारात आला. "काकी नाय? खळ दे ना लवकर, भिंती वाट बघतायत." मी शेगडीकडचा डबा त्याच्या हातात दिला. त्यानं आत डोकावून म्हटलं, "पातळ वाटते रे." "तुझ्या काकींची खळ आहे," मी म्हणालो, "तिच्यावर शंका घ्यायची नाही." तो वरमून गेला. मग मी दाराकडचा डबा उघडला. आतलं घट्ट होतं म्हणून पाणी घातलं, निळसर होतं म्हणून तू नीळही आधीच घालून ठेवलीस या विचारानं तुझं कौतुक केलं, आणि शर्ट बुचकळला.

संध्याकाळी तू आलीस, घोषणा देऊन आवाज बसलेला. दोरीवरून काढलेला शर्ट मी भिंतीला टेकवून ठेवला होता आणि तो आपल्या पायांवर, म्हणजे पाय नसताना, उभा होता. "ह्यो शर्ट उबो कसो?" तू विचारलंस. मग हात लावलास, वास घेतलास, डब्यांकडे पाहिलंस आणि कपाळावर हात मारलास. "जातानाच्या घाईत मीच डबे उलटे ठेवलंय वाटता!" मी काही बोललो नाही. नळाला पाणी सकाळशिवाय यायचं नाही, धुतला तर वाळायचा नाही, आणि बाबांच्या शर्टात माझ्यासारखे दोघे मावले असते. तू वरवंटा घेतलास आणि तो शर्ट पाट्यावर घालून वाटणासारखा रगडलास. जरा नरम आला. रंग मात्र हिरवट निळाच राहिला.

सकाळी लालबागला ट्रामची वाट बघत भिंतीच्या सावलीत उभा राहिलो. घामानं शर्ट ओला झाला आणि खळ पुन्हा जिवंत झाली. वरच्या भिंतीवरची पोस्टरं, पातळ पेजेवर लावलेली, एकेक करून पानगळीसारखी खाली येत होती. मला ते दृश्य फार काव्यमय वाटलं. त्यातलं एक माझ्या पाठीवर येऊन बसलं हे मला कळलं नाही.

दादरच्या शाळेत पाचवीच्या वर्गासमोर मला उभं केलं. मागच्या बाकावर हेडमास्तर बसले. कवितेचं नाव लिहायला मी फळ्याकडे वळलो. माझ्या पाठीवर अर्धंच पोस्टर राहिलं असावं, कारण वर्गानं एका सुरात वाचलं, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र!" आणि बाकीचं कुणी शिकवावं लागलं नाही. चाळीस मुलांनी छप्पर उडवलं, "झालाच पाहिजे!" शेजारच्या वर्गातून तोच प्रतिसाद आला. मग वरच्या मजल्यावरून. हेडमास्तर उठले, जवळ आले, माझ्या पाठीवरचा कागद त्यांनी जखमेवरची पट्टी सोडवावी तसा सोडवला आणि म्हणाले, "शर्ट देशभक्त आहे. आता कविता शिकवा." ते हसत होते, आई. शर्टाबद्दल त्यांच्या मनात काहीसुद्धा नव्हतं.

मी शिकवायला लागलो. पहिलं कडवं बरं गेलं. दुसऱ्या कडव्याला माझे डोळे मिटले. चौथ्याला मी त्या वर्गात नव्हतोच. डोळे उघडले तेव्हा बाक रिकामे होते. मधल्या सुट्टीची घंटा होऊन पाच मिनिटं झाली होती, आणि हेडमास्तर तेवढे हाताची घडी घालून बसले होते. "तुम्हाला कविता दिसते," ते शांतपणे म्हणाले, "मुलं दिसत नाहीत. थोडी वर्षं जाऊ देत." त्यांचं बरोबर होतं. पुढं गिरगावात मास्तर झालो तेव्हा मी डोळे उघडे ठेवून शिकवलं.

घरी आलो तेव्हा तू उंबऱ्यात होतीस. "झाला?" "नाही." तुझी नजर शर्टावर गेली. "शर्टान घात केल्यान?" मी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते मलाच ठाऊक नव्हतं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. हो म्हणूनच हलवली होती.

दुसऱ्या दिवशी दोन्ही डबे घासून पालथे घातलेले. तू वाण्याकडून कपड्यांच्या कांजीचं पाकीट आणलंस, उभ्या जन्मात पहिल्यांदा. पेज मोरीत ओतताना तोंड फिरवायचीस. पोरं खळीसाठी दारात येऊन उभी राहिली तर म्हणालीस, "नको रे बाबांनो. माजी खळ भिंतीर ऱ्हवना नाय, झिलाच्या अंगार ऱ्हवता." ती हसत परत गेली. राज्य झालं त्या दिवशी चाळीत पेढे वाटले, पोरांनी एकमेकांची नावं घेऊन जयजयकार केला. तू शेगडीपाशी बसून होतीस. तुझं नाव कुणी घेतलं नाही, आणि ते का घेतलं नाही हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.

आज सूनबाईचा राग निवल्यावर तिनं विचारलं, "आजी काय करायच्या हो पेजेचं?" इमारतीतल्या बायकांना सांगायला तिला हवं होतं. मी तासभर सांगत बसलो, मिरची, राख, गोधडी, सगळं. ती लिहून घेत होती. मग शर्टाची गोष्टही सांगितली. ती हसून हसून लाल झाली. आणि तिला मी काय सांगितलं माहीत आहे? की घाईत डबे तुझ्याच हातून बदलले. पंच्याऐंशी उलटली, सांगायला सोपं माणूस समोर होतं, तरीही.

म्हणून लिहायला बसलो. डबे मी बदलले. नोकरी मी घालवली. हा कागद घडी घालून माझ्या कपड्यांखाली ठेवीन, सूनबाईला दाखवायचा धीर नाही. तू असताना का बोललो नाही, ते मात्र तुला सांगतो. तू रागावशील ही भीती नव्हती. पुढं कितीतरी वर्षं कुणीही घरी आलं की तू म्हणायचीस, "माजो झील दादरच्या मोठ्या शाळेत मास्तर झालो असतो, माज्या पेजेन अडावल्यान." मी शेजारीच जेवत बसलेला असायचो. आई, ते ऐकायला मला आवडायचं.