वरच्या खोलीची वायर

जयसिंगपूर

प्रिय आदिती,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे ठणठणीत आहेत. फोनवर मी मुद्द्यावर यायच्या आत तुझी मीटिंग सुरू होते, म्हणून लिहायला बसले.

दिवाळीनंतर इथूनच महिनाभर काम करणार म्हणून तू बेंगळुरूहून आलीस आणि आठवड्यात बॅग भरलीस. वर नेट टिकत नाही, एवढंच म्हणालीस. ते तुझ्या आण्णांच्या फार मनाला लागलं. मुलगी वायरीपायी घरात राहिली नाही म्हणजे काय? त्यांनी लगेच तीनशे एमबीपीएस वेगाचा प्लॅन घेतला. खाली आपल्या दुकानात राउटरजवळ तीनशे मिळायचे, पण वर तुझ्या खोलीत नव्वदच्या पुढे आकडा सरकेना, आणि मधेच नेट गायब. मग नेटवाल्याशी भांडण. त्या बिचाऱ्याने राउटर बदलून दिला, तरी तेच.

शेवटी पत्ता मलाच लागला, हे इथे ठळक लिहून ठेवते, कारण आण्णा कुणापुढे कबूल करत नाहीत. टाकीत पाणी चढवायला मोटर लावली की वरचं नेट जायचं. जिन्यातली वायरिंगची पट्टी उघडली, तर तुझ्या खोलीची वायर मोटरच्या वायरीला चिकटून वर गेलेली, आणि मधे चिकटपट्टी गुंडाळलेला जोड. तू अकरावीत असताना आण्णांनी दुकानातले उरलेले तुकडे जोडून ती ओढली होती. आत आठ तारा असतात, यांनी चारच जोडल्या. चार तारांवरून शंभरच्या वर वेग जातच नाही म्हणे. पण तू त्याच वायरीवर शिकलीस, नोकरीची मुलाखतही तिच्यावरच दिलीस. म्हणून ती काढताना त्यांचा जीव खालीवर होत होता.

आता नेटची नवी वायर आणली आहे, कॅट सिक्स, अस्सल तांब्याची. दुकानदार नुसता तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्तातली पुढे करत होता. आण्णांनी टोक सोलायला लावलं, चाकूने तार खरवडून बघितली, मगच घेतली. माझ्या लग्नात सोनं घेतानासुद्धा एवढी पारख झाली नव्हती. आकाराम वायरमनने ती मोटरच्या लायनीपासून लांब, दुसऱ्या भिंतीवरून एकसंध ओढली. आता वरही जवळजवळ तीनशे मिळतात.

रविवारी तुझ्या जुन्या कॉम्प्युटरवरून तुला व्हिडिओ कॉल लावला तो त्याच वायरीवर. इतके दिवस तुझा चेहरा चौकोन चौकोन होऊन थिजायचा. त्या दिवशी मात्र समोर बसल्यासारखी दिसलीस. आणि बाजूने निळ्या बाहीचा एक हात आला. चहाचा कप ठेवला आणि जाता जाता कपाचा कान तुझ्या डाव्या हाताकडे वळवून गेला. तू डावखुरी आहेस हे आपल्या पाहुण्यांना अजून सांगावं लागतं. तू पटकन कॅमेरा तिरका केलास आणि मी थंडीबद्दल बोलत राहिले.

नंतर मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. वाटलं, म्हणजे नेटचं नुसतं निमित्त होतं. पोरगी आम्हाला सांगायला घाबरली आणि आता घरी यायचीच नाही. मग तो कपाचा कान आठवला आणि बरं वाटलं. कोण, कुठला, ते तू सांगशील तेव्हा ऐकेन. आपल्या जैनांसारखा दिवस मावळायच्या आत जेवतो का, एवढं मात्र कळव. नसेल जेवत, तर त्याचं ताट झाकून ठेवीन.

आण्णांना कसं सांगावं, याच काळजीत होते. कॉल चालू होता तेव्हा ते शेजारीच होते, पण चष्मा शोधत होते, त्यांना काही दिसलं नाही अशी माझी समजूत. काल आकाराम पट्टी बसवायला आला, तर यांनी त्याला थांबवलं. "वायर उरलीया न्हवं? मग वर दुसरा पॉइंट बी काढ. दोघं बसली तर एकाच वायरीवरनं भांडतील की." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "लिही तिला. दोन टेबलं मांडल्यात म्हणावं." म्हणून हे पत्र. टेबलं खरंच मांडली आहेत. खिडकीजवळचं तुझं, त्याच्या डाव्या बाजूला कपापुरती जागा मोकळी ठेवली आहे.

तुझीच,
आई