होडी सुनेला, गळ मुलाला

मी, आवडाबाई कडुबा लिंबोरे, वय एकाहत्तर, राहणार नाथसागराकाठ, तालुका पैठण, सध्या मुक्काम मुलीकडे, शहागंज, हे मृत्युपत्र करून ठेवते. डोळे अधू झाले आहेत, डोकं ठिकाणावर आहे. कोणी कागद पुढे सरकवून अंगठा घेतलेला नाही. लेखनिकाकडून सगळं वाचून घेतलं आहे.

१. गावचं घर मुलगा सुदर्शन याला. बँकेतली शिल्लक मुलगी सायली हिला. शेवटी तिनेच मला सांभाळलं.

२. होडी सुदर्शनला द्यायची नाही. ती सून तनुजा हिच्या एकटीच्या मालकीची राहील. कारणही लिहून ठेवते. माझे पती हयातभर होडीमागे गळ सोडून चिलापी धरत आणि होडी मी वल्हवत असे. होडी जोरात गेली की गळ वर येतो, थांबली की गाळात बसतो. चिलापी लागते ती वळणावर. आतल्या बाजूचं वल्हं जरा धरून ठेवलं की गळ खाली उतरतो आणि मासा तोंड घालतो. ते वळण मी घेत होते. गाव म्हणे, कडुबाच्या हाताला यश आहे.

एकदा मी तापाने पडले, तेव्हा शेजारचा साहेबराव वल्ह्यावर बसला. टोपली रिकामी आली. पती म्हणाले, "आज पाण्यातच मासा नव्हता गं." मी पांघरुणातून ऐकलं. पुढे मच्छीमार सोसायटीने त्यांना शाल दिली, तेव्हा मला त्यांच्या चपला सांभाळायला बसवलं होतं.

ते गेल्यावर सुदर्शनने होडीला इंजिन लावलं. मासा लागेना, तर मलाच म्हणाला, "बाबाचा हातच तसा व्हता. तू काय, नुसती वल्हं मारत व्हतीस." हे मी विसरलेले नाही आणि माफही केलेलं नाही. तनुजा मात्र जवळ येऊन बसली. "आत्याबाई, वळताना हात कुठं आवरायचा, ते दावा की." आयुष्यात असं विचारणारी ती एकटीच.

३. इंजिन काढून सुदर्शनला द्यावं. बापाचा गळही, दोरीसकट, त्यालाच. मासा हवा असेल तर त्याने तनुजाला वल्हवशील का म्हणून विचारावं. हो म्हणायचं की नाही, ही तिची मर्जी.

४. ती शाल पेटीत आहे. माझ्या मयतावर घालू नये. होडीत वल्हं मारणारीच्या फळीवर अंथरावी.

ठिकाण: छत्रपती संभाजीनगर
दिनांक: १२ फेब्रुवारी २०२५

आवडाबाई कडुबा लिंबोरे (डाव्या हाताचा अंगठा)

साक्षीदार:
नजमुन्निसा बेगम, शेजारीण, शहागंज (सही)
साहेबराव गव्हाणे, गावचा शेजारी (सही)
सहीखाली साहेबरावांच्या हस्ताक्षरात: त्या दिवशी वल्ह्यावर मीच होतो. बाकीच्या होड्या भरून आल्या होत्या.