डाव्या पायाची सूज

आई, तुझा फक्त डावाच पाय सुजायचा, हे अगदी परवा-परवापर्यंत माझ्या कधी नीट लक्षातच आलं नव्हतं. दोन्ही पायांवर तू सारखीच उभी असायचीस. अंधेरीच्या त्या कपड्यांच्या कारखान्यात सकाळपासून संध्याकाळपर्यंत टेबलापाशी, शर्टांचे लोंबणारे धागे कापत. घरी आलीस की भिंतीला पाठ लावून बसायचीस आणि डावा पाय पाटावर ठेवायचीस. घोट्यापाशी बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा. लहानपणी मला त्याची गंमत वाटायची. पुढे तिथली कातडी काळपट झाली आणि आतल्या बाजूला एक जखम झाली, ती महिनोन्‌महिने भरेना. जुन्या साडीची पट्टी गुंडाळून तू कामावर जायचीस. डॉक्टरकडे चल म्हटलं की वैतागायचीस. "उभ्या रवल्यावर पाय सुजतलोच. तेका डॉक्टर काय करतलो?" एकदा तर मला ओरडलीस, "माज्या पायाकडे बघू नको, पुस्तकात बघ." मी पुस्तकात बघितलं. शिक्षिका झाले. भांडुपच्या एका शाळेत गेली बावीस वर्षं फळ्यासमोर उभी आहे.

तीन वर्षांपूर्वी माझा डावा पाय जड व्हायला लागला. चौथ्या तासाला मांडीत भरून आल्यासारखं व्हायचं, घरी येईतो चपलेचा पट्टा रुतलेला असायचा. उजवा पाय ठणठणीत. इथल्या डॉक्टरांनी घट्ट मोजे दिले, पाय उशीवर ठेवून झोपायला सांगितलं. दोन वर्षं मी ते केलं. मग एक दिवस आंघोळ करताना घोट्याच्या आतल्या बाजूला काळपट डाग दिसला. तो तुझा डाग होता, आई. त्याच जागी. मी नळ बंद करून तशीच उभी राहिले.

मुलुंडला रक्तवाहिन्यांच्या एक डॉक्टर आहेत, माझ्याहून लहान, भराभर बोलणाऱ्या. त्यांनी पायाआधी पोटाची तपासणी करायला लावली. मग कागदावर चित्र काढून दाखवलं. डाव्या पायाचं रक्त वर नेणारी शीर ओटीपोटात एका जागी उजव्या पायाच्या धमनीखालून जाते. माझ्यात ती धमनी त्या शिरेला मागच्या मणक्यावर दाबून धरते आहे. पाण्याच्या नळीवर कुणी पाय द्यावा तशी शीर चपटी झाली आहे, आणि पायातलं रक्त खालीच साचतंय. "पायाचा काही दोष नाही," त्या म्हणाल्या, "वाट वर अडलीय. असंच राहिलं तर कधीतरी गुठळी होईल, आणि ती सुटली तर थेट फुफ्फुसात." मग सहज विचारलं, "घरात कुणाला होतं का असं?" मी म्हटलं, "आईला. डावाच पाय." त्यांचं पेन थांबलं. "त्या कशाने गेल्या?"

मी म्हटलं, "हार्ट." सर्टिफिकेटवर तेच आहे.

शेवटच्या वेळी तू गावाहून एसटीने आली होतीस. रात्रभर एका जागी बसून. दोन दिवसांत पाय मांडीपर्यंत सुजला, पोटरी दगडासारखी झाली, रंग निळसर-लाल. हात लावला तर गरम. मी खोबरेल तेलात ओवा टाकून कढवलं आणि संध्याकाळी तुझ्यापुढे बसले. तू पाय ओढून घेतलास. "नको गो, दुखता." मी म्हटलं, "गप बस, मोकळं होईल." घोट्यापासून वर, दोन्ही अंगठ्यांनी, जोर लावून रगडलं. मला वाटत होतं मी तुझी सेवा करतेय. सकाळी तू भाकरीचं पीठ मळत होतीस. पिठाच्या हातांनी तशीच खाली बसलीस आणि म्हणालीस, "माका श्वास गावना नाय." मी शेजारच्यांना हाक मारायला धावले. रिक्षा हॉस्पिटलच्या फाटकात वळली तेव्हा तुझं डोकं माझ्या खांद्यावर होतं, पण जड झालं होतं.

माझ्या शिरेचं काम सोपं झालं. कापाकापी नाही. जांघेत एक छोटं भोक, त्यातून तार. दबलेली जागा आतूनच सोनोग्राफीने पाहिली, फुग्याने रुंद केली आणि तिथे जाळीची नळी बसवली. फुगा फुगला तेव्हा कमरेत इतकी जोरात कळ आली की मी ओरडले. "हीच ती जागा," डॉक्टर म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी मी चालत घरी आले. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू आहेत. पायाची सूज महिनाभरात उतरली. कधीकधी पोटावर हात ठेवते, ती जाळी आहे ना तिथे, असं वाटून.

हॉस्पिटलमधून निघताना मी विचारलं होतं, "डॉक्टर, गुठळी असलेला पाय कुणी रगडला तर?"

"तर ती सुटू शकते. अशा पायाला मालिश करायची नाही, हे लक्षात ठेवा. का, कुणी केलीय?"

"नाही. असंच." त्या म्हणाल्या, तपासल्याशिवाय मागचं कुणालाच खात्रीने सांगता येत नाही. बहुतेक त्यांना कळलं होतं.

काल माझी मुलगी नव्या नोकरीचा वैद्यकीय फॉर्म भरत बसली होती. "आई, आजी कशाने गेली गं? इथे लिहायचंय." तिला सगळं सांगायला हवं होतं, तिच्यासाठीच. तोंडापर्यंत आलंही.

मी म्हटलं, "हार्ट. लिही हार्ट." आणि तिने लिहिलं.