उपाशी कोळसा

प्रिय बुटके,

तुझा फोन ठेवल्यापासून चार दिवस मी हे पत्र लिहायला बसतोय आणि उठतोय. फोनवरच बोलायचं की रे दादा, असं म्हणशील. पण फोनवर मी कसा असतो ते तुला ठाऊक आहे. दोन वाक्यांत पाण्याच्या मोटारीवर नाहीतर आईच्या गुडघ्यांवर घसरतो. शिवाय तू मध्येच काहीतरी मायेनं बोलशील आणि माझं सांगायचं तसंच राहून जाईल. कागद मध्ये बोलत नाही, एवढं बरं.

तर तू ती नोकरी नाकारणार आहेस. गावोगाव जाऊन शेतकऱ्यांना शेतासाठी कोळसा करायला शिकवायचं काम, तेही आपणहून चालून आलेलं. शनिवारपर्यंत उत्तर द्यायचंय म्हणालीस. जिनं बापाचं शेत पिवळं पाडलं तिनं लोकांना कुठल्या तोंडानं शिकवायचं, असंही म्हणालीस आणि वर हसलीस. ते हसणं माझ्या कानातून जात नाही.

आधी शेताची खबर देतो. खालच्या तुकड्यात यंदाही मिरची आहे आणि झाडं माझ्या कमरेला लागतात. तुझ्या तर गळ्याला लागतील. शेजाऱ्यांचं रान दुपारी माना टाकतं, आपलं संध्याकाळपर्यंत ताठ असतं. पाणी तिसऱ्या दिवशी द्यायचो, आता पाचव्या-सहाव्या दिवशी देतो. त्या तुकड्याला खताची आठ पोती लागायची, यंदा साडेतीन लागली, आणि उरलेलं अर्धं पोतं शेडमध्ये माझ्या पायात येतंय. कुदळ मारली की माती भुसभुशीत सुटते, काळी आणि गार. तुझा कोळसा अजून तिथंच आहे. बोटांनी चिवडलं तर त्याचे बारीक तुकडे दिसतात. तो कुजत नाही, पिढ्यान्‌पिढ्या राहतो, असं तू सांगायचीस तेव्हा मी म्हणायचो, म्हणजे आपल्या आत्यासारखाच.

तू शिकून परत आलीस ते वर्ष मला फार आठवतं. मक्याची ताटं आणि छाटलेल्या फांद्या आपण दरवर्षी बांधावर पेटवून मोकळे व्हायचो. तू उतरत्या कडांचा खड्डा खणायला लावलास आणि जाळ वरून लावायचा म्हणालीस. बाबा बघत राहिले. निखाऱ्यांवर पांढरी राख धरू लागली की लगेच वरून पुढचा थर टाकायचा, म्हणजे खालच्याला हवा मिळत नाही आणि त्याची राख न होता कोळसा होतो. शेवटी पाणी ओतून सगळं विझवायचं. तू काळीठिक्कर होऊन घरात आलीस की आई तुला ओट्याजवळ फिरकू द्यायची नाही. बाबा तुला कोळसेवाली म्हणू लागले, आणि महिन्याभरात कोळसेवाली काय म्हणते ते विचारल्याशिवाय एक काम करेनासे झाले. मला वाईट वाटायचं. मी बारा वर्षं त्यांच्याबरोबर राबत होतो आणि मला त्यांनी कधी काही विचारलं नव्हतं. हे मी आजवर कुणाला बोललो नाही.

कोळसा उपाशी असतो, हे तुझंच वाक्य. आधी त्याचं पोट भरायचं. शेण, मूत आणि पाणी कालवून केलेला शेणकाला त्याला रोज पाजायचा, उलथापालथ करायची, पंधरा-वीस दिवस मुरवायचं आणि मगच शेतात घालायचा. नाहीतर तो मातीतलंच खातो आणि पिकाला काही ठेवत नाही. तू राहिलेल्या एका परीक्षेसाठी तीन आठवडे गेलीस तेव्हा ताडपत्रीखाली ढीग ठेवून गेलीस, आणि गोठ्याच्या भिंतीवर खडूनं लिहिलंस की रोज सकाळी सहा बादल्या. काम माझ्यावर होतं. मधून मधून फोन करून विचारायचीस, मुरवतोयस ना. मी हो म्हणायचो.

बुटके, मी एकही बादली घातली नाही. पहिल्या दिवशी कंटाळा केला. दुसऱ्या दिवशी राग होता, की मी हिचा गडी आहे का. आठवडा गेल्यावर वाटलं, आता घालून तरी काय होणार, आणि कोळशाला कसलं आलंय पोट. रोपं लावणीला आली होती, बाबा घाई करत होते. लावणीच्या आदल्या दिवशी मी दोन बादल्या शेणकाला नुसता वरवर शिंपडला, वास यावा आणि ओलं दिसावं म्हणून. मग सगळा ढीग खालच्या तुकड्यात पसरून टाकला. तू परत आलीस, रिकाम्या ताडपत्रीचा वास घेतलास आणि माझ्या पाठीवर थाप मारलीस.

पुढचं तुला माहीत आहे. पंधरा दिवसांत रोपं पिवळी पडली आणि वाढ खुंटली. तू वही घेऊन बांधावर बसायचीस. पाणी मोजलंस, बियाणं तपासलंस, कोळशाचं प्रमाण जास्त झालं का म्हणून पानंच्या पानं आकडेमोड केलीस. स्वतःची चूक शोधत होतीस आणि मी तुला चहा आणून देत होतो. बाबा चारचौघांत म्हणाले, "पोरीच्या नादी लागून मी शेताचा कोळसा केला." त्या दिवसापासून ते तुझ्याशी बोलले नाहीत. महिन्याभरात तू बॅग भरलीस आणि कुठल्याशा कंपनीत कागद तपासायला बसलीस. तुला गाडीत बसवायला मीच आलो होतो. वाटेत चाळीस मिनिटं आपण दोघंच होतो, आणि मी पंक्चरवाल्याची गोष्ट सांगून तुला हसवलं.

दुसऱ्या वर्षी त्याच तुकड्यानं रंग धरला. पावसापाण्यानं आणि घातलेल्या खतानं कोळशाचं पोट आपोआप भरलं असावं. तिसऱ्या वर्षी बाबा तिथली मूठभर माती घेऊन आले आणि जेवणाच्या टेबलावर ठेवून बघत बसले. आई ओरडली तरी त्यांनी ती उचलली नाही. त्यांना तुझी आठवण येत होती हे आम्हाला दोघांनाही कळत होतं. पण माघार घेणं त्यांच्या रक्तात नव्हतं, आणि खरं बोलणं माझ्या.

आता ज्यासाठी बसलोय ते लिहितो. बाबा अंथरुणाला खिळले, त्यातल्या शेवटच्या सोमवारी दुपारी मी त्यांची नखं काढत होतो. तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं, बादल्यांचं आणि शिंपडण्याचं. त्यांनी हात काढून घेतला नाही. म्हणाले, "तिला बोलाव. मला तिच्याशी बोलायचंय." मी फोन घेऊन अंगणात गेलो. पाच मिनिटं उभा राहिलो आणि आत येऊन सांगितलं की लागत नाही. मंगळवारी त्यांनी दोनदा विचारलं, मी तेच सांगितलं. बुधवारी फाटक वाजलं की ते मान वळवायचे. तू आलीस की ते तुला सांगतील आणि मग तू माझ्याकडे बघशील, एवढंच माझ्या डोक्यात होतं. अजून एक दिवस, असं करत राहिलो. गुरुवारी पहाटे ते गेले, आणि त्यानंतर मी तुला फोन लावला. तो पहिल्याच घंटेला लागला. तू आलीस, त्यांच्या पायाशी बसलीस आणि माझं चुकलं बाबा म्हणालीस. मी मागे भिंतीला टेकून उभा होतो, तेव्हाही गप्प राहिलो. याला आठ महिने झाले. काल आईला सांगितलं. ती माझ्याशी बोलत नाही, ताट मात्र वाढते. तुझी माफी मी मागत नाही, तेवढी लाज शिल्लक आहे. शनिवारच्या आत त्या लोकांना होकार कळव. ढीग न मुरवता घातला तर काय होतं असं कुणी विचारलं तर खुशाल माझं नाव सांग. बाबांना तुझ्याशी काय बोलायचं होतं ते मला माहीत नाही. मी विचारलं होतं, पण ते म्हणाले की तुला नाही, तिलाच सांगेन.

तुझाच म्हणवून घ्यावं की नाही हे तुझ्यावर सोडून,
दादा