नऊ ताप

कल्याण, दि. ९ मार्च १९५४

ती. गुरुवर्य बेहेरे मास्तर यांस,

मधुचा साष्टांग नमस्कार. आईचे गुडघे सोडले तर इकडे सर्व क्षेम. डोंबिवलीत आपल्या आळीला नळ आला का?

आपण आपल्या मुलीची, चित्राची, पत्रिका आमच्याकडून परत मागवलीत. कारण काल समजलं. चित्राचे मामा हरिहरपंत आमच्या ठाण्याच्या कचेरीत हेडक्लार्क. रजेचे अर्ज त्यांच्याच टेबलावरून जातात. अकरा महिन्यांत नऊ वेळा ताप, म्हणजे मुलाच्या छातीत काहीतरी असणार, असं त्यांनी आपल्याला कळवलं.

मास्तर, शाळा सुटल्यापासून मला एकदाही ताप आलेला नाही.

राग मानू नये, पण याचं मूळ आपल्या वर्गात आहे. अकरावीत आपण रजेचा एकच इंग्रजी अर्ज आमच्याकडून घोटून घेतलात, ‘ॲज आय ॲम सफरिंग फ्रॉम फीवर’. जन्मभर पुरेल, म्हणालात. भूमिती विसरलो, सनावळ्या विसरलो, अर्ज राहिला. भाचीच्या बारशाला रजा हवी होती, तर बारशाला इंग्रजीत काय म्हणतात ते कोशात सापडेना. ताप लिहिला. आईचा टिटवाळ्याचा नवस फेडायचा होता, तोही तापावर. खडवलीला मावशीचं छप्पर शाकारायला तीन दिवस लागले, तेव्हा जरा जास्त ताप होता. आणखी चार ताप असेच नात्यागोत्यातले.

मी एकटाच नव्हे. शेजारच्या टेबलावरचा पायस आपलाच विद्यार्थी. त्याने स्वतःच्या लग्नाची रजा तापावर काढली. परत आला तेव्हा साहेबांनी त्याला पथ्य सांभाळायला सांगितलं.

आता राहिले दोन ताप. ते लिहिणार नव्हतो, पण खोटं अंगाशी आलंच आहे तर सगळं सांगतो. एक शाळेच्या स्नेहसंमेलनाचा. आपण मला व्यासपीठावर बोलावून नियमितपणाबद्दल माझं कौतुक केलंत. कचेरीत मी त्या वेळी अंथरुणाला खिळलेला होतो. दुसरा बक्षीस समारंभाचा. मला कसलंही बक्षीस नव्हतं. चित्रा पाहुण्यांना चहा देणार हे ठाऊक होतं.

कप देताना तिने हळूच विचारलं, “शाळेत पहिले यायचात ना? मग बोलायला का येत नाही?”

मी म्हणालो, “साखर बरोबर आहे.”

घरी येईपर्यंत स्वतःला शिव्या घातल्या.

हरिहरपंतांना उद्या सगळं खरं सांगणार आहे. नोकरी अजून कायम नाही. जायची असेल तर जाईल. आपण हव्या त्या डॉक्टरकडून माझी छाती तपासून घ्यावी. पण नकार द्यायचाच असेल तर तो चित्राला विचारून द्यावा, एवढी विनंती. तिला कोणी विचारलेलं दिसत नाही.

मला चित्रा फार आवडते. हे वाक्य शाळेत कधी लिहायला आलं नाही, इंग्रजीत नाही आणि मराठीतही नाही. काही चुकलं असेल तर सुधारून घ्यावं.

खालची गाळलेली जागा आपण आणि चित्राने मिळून भरावी.

आपला ………………
मधु