तांब्याचं घंगाळ

भावजी,

मी ह्यांना भेटायला इस्पितळात जाते आहे. पाळीवरून आलात की आधी जेवून घ्या, भाकरी फडक्यात बांधून ठेवली आहे.

अंगावर पांढरे ठिपके आलेले चारही मासे गेले. मिठाच्या पाण्यात वेगळे ठेवा, असं तुम्हीच म्हणालात. म्हणून मी काल आपलं तांब्याचं घंगाळ चिंचेनं लख्ख घासलं आणि त्यात ठेवले. घरात त्याहून चांगलं भांडं आहे कुठं? सकाळी शेजारच्या नवाबभाईंनी पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "भाभी, तांब्यात मासा जगतो का?" मग हे आधी कुणी सांगायचं?

काचेच्या पेटीत एकटा काळा उरलाय. त्याच्याही शेपटीवर कापसासारखं काही धरलंय. लोणच्याची चिनी मातीची बरणी धुऊन ठेवली आहे, मिठाचं पाणी करून त्याला तीत सोडा. वाचेल असं वाटत नाही. तरी सोडा.

गेल्या खेपेला खोकल्याची उबळ थांबल्यावर ह्यांनी पहिली चौकशी माशांचीच केली. आजही करतील. उतार पडतो आहे, असं सांगेन. डॉक्टरही ह्यांना रोज तेच सांगतात.

वहिनी