नातवंडांपर्यंत चालणारी गाडी

बाबा, शनिवारी महाराष्ट्र मंडळातल्या त्या काकूंची गाडी गेली. तुम्ही विकलेल्या गाड्यांपैकी माझ्या माहितीतली ती शेवटची. बाकीच्या केव्हाच भंगारात गेल्या, नाहीतर कुणाच्या तरी घरामागे ताडपत्रीखाली असतील. काकूंनी आदल्या आठवड्यात फोन केला होता. "अरे, गाडी एका संस्थेला देऊन टाकतेय. तुझ्या बाबांकडून घेतलेली, म्हणून तुला कळवलं. बघायची असली तर ये." मी गेलो. उगाच गेलो असं लिहिणार होतो, पण ते खोटं झालं असतं, आणि मी लिहायला बसलोय तेच एका खोट्याबद्दल.

अमेरिकेतल्या आत्याने आपल्या ग्रीन कार्डासाठी केलेल्या अर्जाचा नंबर लागला तेव्हा तुम्ही पन्नाशीच्या उंबरठ्यावर होतात. पिंपरीच्या कारखान्यात टूलरूममध्ये उभं आयुष्य काढलेला माणूस, केसाच्या जाडीचा फरक बोटाने सांगणारा, आणि येऊन पडला वॉशिंग्टनजवळच्या हर्नडनला, जिथे दर दुसऱ्या घरात संगणकवाला आणि दर पहिल्या घरात त्याचा मॅनेजर. तुमच्या बोटांचं इथे कुणाला काही काम नव्हतं. सहा महिने तुम्ही किराणा दुकानात डबे रचलेत, तेही ओळंब्यात. मग त्या शोरूमची जाहिरात दिसली. आई म्हणाली, "गाड्या विकणार? तुम्ही? मंडईत कोथिंबिरीच्या जुडीचा भाव करता येत नाही तुम्हाला." खरंच होतं ते. आई तुम्हाला मंडईत नुसती पिशवी धरायला न्यायची, आणि तोंड उघडू नका असं बजावून न्यायची.

पण त्या शोरूममध्ये भाव करायचाच नव्हता. डेट्रॉइटच्या एका बड्या कंपनीने जपानी गाड्यांना तोंड द्यायला हे नवं नाव काढलं होतं. दक्षिणेतल्या एका खेड्यात नवा कारखाना, तिथे साहेब आणि कामगार एका टेबलावर जेवणार, दारं अशा प्लास्टिकची की पार्किंगमध्ये कुणी धडकलं तरी पोचा येणार नाही, आणि काचेवर लिहिलेली किंमत सगळ्यांना एकच. या देशात गाडी विकणारा म्हटलं की लोक खिसा सांभाळतात. तुम्हाला मात्र असं दुकान मिळालं की जिथे खोटं बोलायची सोयच नव्हती. पहिल्या दिवशी घरी येऊन तुम्ही आईला म्हणालात, "अगं, ते मला काहीच बोलायला सांगत नाहीत. गाडी दाखव म्हणतात." कुणी तुमच्यासाठीच कंपनी काढल्यासारखा चेहरा होता तुमचा.

गाडी ताब्यात देताना शोरूममधले सगळे, हिशेब लिहिणारी बाईसुद्धा, बाहेर येऊन टाळ्या वाजवायचे आणि फोटो काढायचे. अमेरिकन लोक त्याने संकोचायचे. आपल्या लोकांना त्यात कमीच वाटायचं. तुमचं पहिलं मराठी गिऱ्हाईक, नागपूरचा तो इंजिनिअर, बायकोसकट आला तो कुंकवाचा करंडा आणि नारळ घेऊन. गाडीला स्वस्तिक काढून झालं, आणि पठ्ठ्याने नारळ सरळ बंपरवर आपटला. प्लास्टिकचा बंपर दबला, परत वर आला, आणि नारळ टुणकन उडून मॅनेजरच्या बुटाशी जाऊन थांबला. मॅनेजरने तो उचलला, मान झुकवून दोन्ही हातांनी परत दिला. हा विधीचाच भाग असं त्याला वाटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढे तुम्ही गाड्या धुवायच्या जागेशी एक वीट आणून ठेवलीत, आणि मॅनेजर नव्या पोरांना शिकवायला लागला की नारळ विटेवर, गाडीवर नाही. दहा वर्षांत त्या विटेवर आपला अर्धा जिल्हा फुटला असेल.

मी तेव्हा कॉलेजात होतो आणि मला तुमची लाज वाटायची. मित्रांचे बाप सॉफ्टवेअर लिहायचे. माझा बाप छातीवर नावाची पट्टी लावून लोकांना डिकी उघडून दाखवायचा. कंपनीने एकदा सगळ्या गाडीमालकांना कारखाना बघायला बोलावलं, तेव्हा तुम्ही मला जबरदस्तीने नेलंत. दहा-अकरा तासांचा रस्ता, आईने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दिलेली, आणि मी मागच्या सीटवर कानात हेडफोन घालून. तिथे चिखलाने भरलेल्या माळावर हजारो माणसं, सगळ्यांच्या गाड्या एकाच नावाच्या, आणि अनोळखी लोक एकमेकांना आपापल्या गाडीचे फोटो दाखवताहेत, जसे आपल्याकडे बारशाचे दाखवतात. मला हसू आवरेना. तुम्ही मात्र दारं बसवणाऱ्या एका जाड्या कामगारापाशी उभे आहात. तो काहीतरी सांगतोय, तुम्ही ऐकताय. मग तुम्ही त्याच्या हाताचा तळवा उलटा करून बघितलात आणि तुमचा त्याच्याशेजारी धरलात. दोघांच्या अंगठ्याला एकाच जागी घट्टा होता. परतीच्या वाटेवर गाडी चालवताना तुम्ही मधूनमधून तो घट्टा चोळत होतात. त्या दिवसाबद्दल मी तुम्हाला कधी काही विचारलं नाही.

पुढे कंपनीचं जे झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. थोरल्या घराने हौसेने जन्माला घातलेलं शेंडेफळ, मग इतर भावंडं कुरकुरायला लागली की सगळं त्यालाच मिळतं, आणि हळूहळू त्याला नवे कपडे शिवणंच थांबलं. वर्षानुवर्षं नवीन मॉडेल नाही. पुढे आली ती इतर भावंडांचीच गाडी, नुसतं नाव बदललेली. लोक तुम्हाला विचारायला लागले, "काका, कंपनी टिकेल ना? पाच वर्षांनी पार्ट मिळतील ना?" आणि तुम्ही काय सांगायचात ते मी शोरूमच्या सोफ्यावर बसून स्वतःच्या कानांनी ऐकलंय. "ते मला नाही सांगता येणार. गाडी मी बघितलीय, गाडी चांगली आहे. उद्याचं माप माझ्याकडे नाही." त्यावर निम्मे लोक उठून जपानी गाडीच्या शोरूममध्ये जायचे. काकू मात्र म्हणाल्या होत्या, "द्या मग. उद्याचं माप कुणाकडे असतं?"

दोनेक वर्षांतच कंपनी मिटली. कुणीतरी विकत घेणार होतं, तेही शेवटच्या घटकेला फिसकटलं. ज्यांना तुम्ही गाड्या विकल्या होत्या त्यांच्या गाड्यांना एका सकाळी कुणी विचारेनासं झालं. तुमचं काहीच चुकलं नव्हतं. तरी तुम्ही दर रविवारी डिकीत ऑइलचे डबे आणि पाने-पक्कड घालून घरोघर जायला लागलात. ऑइल बघायचं, पट्टे बघायचे, चहासुद्धा घ्यायचा नाही. आई म्हणायची, "हे काय, सुतक पाळताय का?"

आणि त्या दिवाळीला मंडळाच्या अंकाला माझा लेख हवा होता.

मी विनोदी लिहितो अशी तोवर ख्याती झाली होती. ख्याती म्हणजे तीनशे कुटुंबं. विषय घरातच होता. काका, त्यांची प्लास्टिकची गाडी, नारळ, वीट, सगळं आयतं. लेख जमत आला होता, पण त्याला शेपूट नव्हती. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून मी तुमच्या तोंडी एक वाक्य घातलं. "निश्चिंत घ्या हो, तुमची नातवंडं ही गाडी चालवतील." आणि त्यापुढे, 'नातवंडं अजून जन्मायची होती तेवढ्यात कंपनीच वारली.' मंडळाच्या कार्यक्रमात, शाळेच्या त्या हॉलमध्ये, मी तो वाचून दाखवला. अशी दाद मला ना आधी मिळाली होती, ना नंतर मिळाली. लोक वळून तुमच्याकडे बघत होते आणि तुम्हीही हसत होतात, हात जोडून. फराळाच्या रांगेत एकाने तुमच्या पाठीवर थाप मारली. "काय काका, नातवंडं का? मस्त बनवलंत यार आम्हाला."

घरी येताना मी गाडी चालवत होतो. सिग्नलला थांबलो तेव्हा तुम्ही विचारलंत, "मी असं कधी म्हणालो होतो का रे?"

म्हणायला काय लागलं असतं? नाही बाबा, मीच घातलंय, विनोदासाठी. दोन सेकंदांचं काम. पण मी अजून टाळ्यांत होतो. म्हणालो, "म्हणाला असाल हो. लक्षात नसेल तुमच्या."

तुम्ही "असेल" म्हणालात. तुमच्या थोरल्या भावाला शेवटी स्वतःची मुलंसुद्धा ओळखता येईनाशी झाली होती, आणि त्या भीतीने तुम्ही रोज सकाळी आंघोळीनंतर सगळ्या पुतण्याभाच्यांची नावं मनात मोजायचात, हे मला माहीत होतं. माहीत असून मी सिग्नल हिरवा झाल्यावर गाडी पुढे नेली.

शनिवारी काकूंनी मला स्वयंपाकघरात बसवलं, पोहे केले. खिडकीतून गाडी दिसत होती. तुम्ही आवर्जून सुचवलेला तो गडद हिरवा रंग अजून बरा आहे. त्यांचा मुलगा ड्रायव्हवेमध्ये टोइंगवाल्याला कागद दाखवत होता आणि सोळा वर्षांचा नातू गाडीतून स्वतःचं सामान काढत होता. काकू म्हणाल्या, "एक सांगायचं होतं तुला. किती वर्षं मनात आहे. तो तुझा लेख आला होता ना, त्यानंतर तुझे बाबा आले होते. रविवार नव्हता, मधलाच वार. इथेच बसले, तू बसलायस तिथे. म्हणाले, मी तुम्हाला गाडी देताना नातवंडांचं काही बोललो होतो का? मला आठवत नाही, तुम्ही खरं काय ते सांगा. दहा घरं फिरून आले होते रे. वहीत नावं लिहिलेली."

मी विचारलं, "मग? तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हटलं, हो, म्हणाला होतात की. मला अगदी आठवत होतं. सगळ्यांनाच आठवत होतं, त्यांनीच सांगितलं मला, की सगळे हो म्हणाले. मग उठले आणि माझी माफी मागितली. हात जोडून. मी तुमच्यापेक्षा मोठा, असं बोलायला नको होतं, मला अधिकार नव्हता, असं म्हणाले. मला इतकं कसंतरी झालं. मी म्हटलं, अहो, गाडी चालतेय अजून, नातवंडंही चालवतील. ते उठले, बाहेर गेले. ऑइल बघून गेले."

मी पोह्यांतल्या मिरच्या बाजूला काढत होतो.

"म्हणून ठेवली बघ मी ती," काकू म्हणाल्या. "हा माझा मुलगा दर वर्षी ओरडायचा. आई, जस्ट गेट रिड ऑफ इट, पार्ट मिळत नाहीत. मी म्हटलं, मिळतात, शोध. हा नातू तेव्हा रांगत होता. मी ठरवलं, याला या गाडीवर शिकवायचं आणि मग द्यायची. गेल्या महिन्यात त्याला लायसन्स मिळालं." त्यांनी खिडकीतून हाक मारली. "काय रे, कशी होती गाडी?"

"इट वॉज ओके, आजी. द डोअर्स आर विअर्ड," तो म्हणाला.

"बघ," काकू मला म्हणाल्या, "तुझ्या बाबांचं खरं झालं की नाही?"

बाबा, तोंड मी उघडलं होतं. शप्पथ. एवढी बाई, बहात्तर वर्षांची, अठरा वर्षं एक मोडकी गाडी चालती ठेवून तुमच्या शब्दाला जागली, आणि तो शब्द तुमचा नव्हता, माझा होता, तोही लेखाला शेपूट हवी म्हणून लावलेला. तुम्ही तिला जे खरं सांगितलं होतं, उद्याचं माप माझ्याकडे नाही, ते तिला आता आठवतसुद्धा नाही. ते कुणालाच आठवत नाही. आणि शेवटी तुम्हालाही आठवत नव्हतं, कारण दहा घरांनी आणि एका मुलाने तुम्हाला पटवून दिलं की तुम्ही खोटं बोललात. पुढची पाच वर्षं तुम्ही ते पटलेलं घेऊन जगलात. मंडळात यायचे थांबलात तेव्हा मी लोकांना सांगायचो, गुडघे दुखतात त्यांचे.

"झालं की, काकू," मी म्हणालो.

टोइंगवाल्याने गाडी चढवली. काकूंनी चपला काढून तिला नमस्कार केला. मुलगा म्हणाला, "आई, प्लीज." नातू फोनवर बोलत होता. मी हात वर केला, कुणाकडे बघून ते माहीत नाही.

मंडळाच्या अंकाचे संपादक यंदाही मागे लागलेत. काल वाटलं, हेच पाठवावं. लोकांना कळेल की काका असं कधी म्हणाले नव्हते. मग वाटलं, काकू वाचतील. वाचतील आणि आपण त्या वेळी 'हो' म्हणालो होतो हे त्यांना आठवेल, आणि या वयात ते त्यांना कशाला. म्हणून पाठवत नाही, असं मी स्वतःला सांगितलंय, आणि ते अर्धं खरंही आहे. उरलेलं अर्धं असं, की वीस-बावीस वर्षं लिहितोय, आणि लोकांना माझं पाठ असलेलं तेवढं एकच वाक्य आहे.